दारातला कुत्रा, घरातला कुत्रा

कुत्रा या एकाच शब्दाने मराठी घरांत आज दोन निराळे प्राणी ओळखले जातात. एक म्हणजे वाड्याच्या दारात किंवा शेतातल्या खोपीजवळ राहणारा, उरलीसुरली भाकरी खाऊन रात्रभर भुंकणारा राखणदार; दुसरा म्हणजे सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर गादीवर झोपणारा, ज्याचा वाढदिवस साजरा होतो आणि ज्याचे नाव दवाखान्याच्या वहीत घरच्या आडनावासह लिहिले जाते असा कुटुंबीय. पहिल्याची बाजू घेणाऱ्यांना दुसऱ्याचे लाड हास्यास्पद वाटतात, तर दुसऱ्याची बाजू घेणाऱ्यांना पहिल्याच्या वाट्याला आलेली हेळसांड खुपते. हा मतभेद त्याच्या तपशिलांसह तपासता यावा म्हणून येथे तो दोन कल्पित पात्रांच्या तोंडी घातला आहे. आबा हे जुन्नरकडचे शेतकरी असून त्यांच्या खळ्यावर कुत्री पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. त्यांची पुतणी पुण्यात पशुवैद्य, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे.

आबांचे पहिले म्हणणे असे : “कुत्र्याला डॉक्टर लागतो, ही गोष्टच मुळात अलीकडची आहे. खळ्यावरची कुत्री भाकरी-ताकावर वाढली, पावसात भिजली, उन्हात झोपली आणि तरीही दहा-दहा वर्षे जगली. शहरात मात्र कुत्रा शिंकला तरी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतात. जनावराला जनावरासारखे राहू दिले की ते निरोगी राहते, हे कळायला पदवी लागत नाही.”

“आबा, जी कुत्री जगली त्यांची नावे तुम्हांला आठवतात,” पुतणी उत्तर देते. “एका वेतातल्या सहा पिलांपैकी जी चार-पाच दोन-तीन महिन्यांतच गेली, त्यांना नाव ठेवायला सवडच मिळाली नव्हती. रक्ताची हगवण लागून पिलू दोन-तीन दिवसांत मान टाकते, तेव्हा गावात नजर लागली असे म्हणतात. बहुतेक वेळा ती नजर नसते, पार्व्हो नावाचा विषाणू असतो. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला, आणि मातीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणूनच त्याच खोपीत पुढच्या वेतातली पिलेही तशीच जातात.”

पुतणीच्या या उत्तरात लसीकरणाचे सगळे गणित आले आहे, पण ते थोडे उलगडून सांगायला हवे, कारण एक टोचून झाले म्हणजे काम झाले हा समज गावात आहे तसाच शहरातही आहे. पिलाला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती अंगात असेपर्यंत पिलाचे रक्षण करतात, परंतु त्याच काळात टोचलेल्या लसीलाही ती निष्प्रभ करतात. ही द्रव्ये कोणत्या पिलाच्या अंगातून कोणत्या दिवशी संपतील हे बाहेरून सांगता येत नाही, आणि म्हणूनच सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतर दर वर्षी दिली जाते. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे कोकणात आणि मुंबईसारख्या शहरांत त्याची लस चुकवणे घरातल्या माणसांच्या दृष्टीनेही महागात पडते.

आहाराच्या मुद्द्यावर मात्र वाद अनपेक्षित वळण घेतो. पुतणी भाकरीला नावे ठेवील या अपेक्षेने आबा तयारीत असतात. ती भाकरीची बाजू घेते.

“भाकरी कुत्र्याला पचते,” ती सांगते. “२०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुके ताडून पाहिली. अमायलेझ हे पिष्ट पचवणारे विकर आहे. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून कुत्र्याचे पोट माणसाच्या धान्याला सरावले आहे. पण आबा, भाकरी पचते याचा अर्थ नुसत्या भाकरीवर भागते असा नाही. वाढत्या पिलाला प्रथिने आणि कॅल्शियम लागते. प्रथिनांसाठी अंडे, मांस, मासळी यांपैकी काही रोज पोटात जावे, आणि कॅल्शियम कमी पडले तर पिलाचे पाय वाकतात.”

“आणि तूप?” आबा विचारतात. “भाकरी कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते.”

“नामदेव महाराजांचा कुत्रा दिवसभर पायांवर असणार. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा लिफ्टने उतरतो आणि दहा मिनिटांत लिफ्टने परत येतो. त्याला रोज तूप घातले तर वजन वाढते, सांधे दुखू लागतात. एकदम बरेचसे तुपकट पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊन तो मरणाच्या दारात जातो. कथेतली माया घ्यावी, वाटी घेऊ नये.”

कुत्र्याला बाधणाऱ्या पदार्थांच्या याद्या हल्ली सर्वत्र मिळतात आणि त्यांत चॉकलेटला पहिला मान असतो. कोकोतले थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते व त्यामुळे हृदयाचे ठोके बेफाम वाढतात, हे खरेच आहे. पण जुन्नर, नारायणगाव, नाशिक किंवा तासगाव या पट्ट्यात चॉकलेटपेक्षा जवळचा धोका द्राक्षाच्या मांडवाखाली पडलेला असतो. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होतात. “मांडवाखालची द्राक्षे खाणारी कुत्री ठणठणीत असतात,” हा आबांचा आक्षेप निराधार नाही, कारण काही कुत्र्यांना खरोखरच काही होत नाही. मात्र कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील याचा हिशेब आधी मांडता येत नाही, आणि द्राक्षातले टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावे असे २०२१ पासून मानले जाऊ लागले असले तरी घरातल्या माणसासाठी व्यवहार एवढाच उरतो, की एकही द्राक्ष देऊ नये आणि दिवाळीच्या लाडवावरचा बेदाणाही काढून घ्यावा.

कांद्याची तऱ्हा याहून फसवी आहे. कांदा व लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने त्यांचा हा गुण जात नाही आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. रविवारी मटणाचा रस्सा भाताला लावून घातला आणि गुरुवारी कुत्रा मलूल झाला, तर त्या दोन गोष्टींचा संबंध घरात कोणी जोडत नाही. शुगरफ्री च्युइंगगममधले झायलिटॉल आणि माणसाच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या यांचीही गणना विषांतच करावी.

वादाचा गाभा यानंतर येतो, आणि तो गोचिडीचा आहे. गोचीड हा विषय सुशिक्षित घरांत किळसवाणा आणि खेड्यात क्षुल्लक मानला जातो. दोन्ही दृष्टींमुळे कुत्र्याचे मरण तेवढेच जवळ येते.

“गोचीड कुणाला नाही?” आबा म्हणतात. “रॉकेलचा बोळा लावला की पडते. नाहीतर काडी पेटवून चटका द्यावा.”

“बैलाच्या अंगावरची गोचीड तुम्ही कशी काढता, आबा?”

“बैलाची गोष्ट वेगळी. बैल संध्याकाळी दावणीला आला की त्याच्या अंगावरून हात फिरतोच. मानेखाली, कासऱ्याखाली, शेपटीच्या मुळाशी. हाताला लागली की काढायची.”

“तोच हात कुत्र्यावर का फिरत नाही?”

या प्रश्नाला आबांकडे लगेच उत्तर नसते, आणि खरे पाहता ते शहरातल्या श्वानप्रेमींकडेही नसते. कुत्र्यासाठी पावसाळी कोट विकत घेणारा मालक त्याच्या पुढच्या पंजाची बोटे फाकवून मधली कातडी पाहतोच असे नाही. गोचीड नेमकी तेथे बसते. त्याखेरीज कानाच्या पाळीच्या घडीत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली. केस उलटे सारून पाहिले की आधी तपकिरी, चपटी, तिळाएवढी गोचीड दिसते. ती नर असेल किंवा उपाशी मादी असेल. रक्त पिऊन फुगलेली मादी करडी आणि टपोरी होते, इतकी एरंडाच्या बीसारखी, की एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस हे गोचिडीच्या लॅटिन नावावरूनच पडले आहे. ही मादी कुत्र्यावर अंडी घालत नाही. पोट भरले की ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत, खिडकीच्या चौकटीमागे किंवा खोपीच्या कुडात चढते आणि तेथे हजारो अंडी घालून मरते. म्हणून कुत्र्याला औषध लावून घर तसेच ठेवले तर महिन्याभरात कुत्रा पुन्हा भरतो, आणि औषध निकामी होते अशी तक्रार ऐकू येते.

रॉकेल आणि पेटती काडी यांनी कुत्र्याची कातडी तेवढी भाजते. चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. नखावर चिरडू नये. बैलासाठी आणलेले गोचिडीचे औषध अंदाजाने कुत्र्याला चोपडणे धोक्याचे असते, कारण कुत्रा अंग चाटतो. ज्या घरात मांजरही आहे तेथे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते : कुत्र्यासाठीच्या काही औषधांत असलेले परमेथ्रिन मांजराचा जीव घेते.

गोचिडीने रक्त प्यायल्याने निरोगी कुत्रा सहसा मरत नाही. तो मरतो ते तिने रक्तात सोडलेल्या जंतूंमुळे. त्यांपैकी बबेसिया तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, तर अर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहून रक्त गोठवणाऱ्या कणिका घटवतो, इतक्या की कधी नाकातून रक्त वाहू लागते. दवाखान्यात या दोहोंना मिळून गोचीडताप म्हणतात. तो ओळखण्याची पहिली खूण घरातच पाहता येते. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबावा व सोडावा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट असेल, लघवी गडद होत असेल आणि कुत्र्याने आवडीच्या घासाकडे पाठ फिरवली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. वेळेत निदान झाले तर हा ताप औषधाने बरा होतो.

साखळीच्या प्रश्नावर आबांचा अनुभव पुतणीच्या पुस्तकापेक्षा वरचढ ठरावा, कारण जुन्नर हा बिबट्यांचा मुलूख आहे. उसाच्या फडात बिबट्या व्यायला लागल्यापासून कित्येक वस्त्यांवर सकाळी तुटलेली साखळी तेवढी सापडते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून कमी होता.

“मग कुत्र्याला रात्री घरात घ्यायचे, तर राखण कोण करणार?” आबा विचारतात.

“राखण म्हणजे भुंकणे, आबा, लढणे नव्हे. जाळीच्या आत, दार लावलेल्या पडवीतूनही कुत्र्याला बिबट्याचा वास येतो आणि तो भुंकतो. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेले ताट. आणि मोकळा सोडलेला कुत्रा आपली हद्द सोडून रस्त्यावर जातो, गाडीखाली येतो, नाहीतर कुणाच्या मुलाला चावतो.”

मुलाला चावण्याचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचा सूर बदलतो. आबांची रीत सरळ आहे : कुत्रा गुरगुरला की काठी दाखवावी, म्हणजे त्याला आपली जागा कळते. पुतणीच्या मते या रीतीमुळेच न सांगता चावणारा कुत्रा घडतो. कुत्रा आपली नाराजी पायरीपायरीने सांगत असतो. आधी तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मग त्याचे अंग ताठ होते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो आणि अखेरीस तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल मार मिळाला तर तो गुरगुरणे सोडतो, नाराजी सोडत नाही, आणि पुढच्या वेळी मधली पायरी गाळून थेट चावतो. शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खुशीत आहे, हाही असाच एक अर्धा खरा समज आहे, कारण ताठ अंगाने, उंच धरून भरभर हलवलेली शेपटी बहुधा तणाव दाखवते.

आबांचे यावरचे उत्तर शहरी घरांना झोंबणारे असले तरी रास्त आहे. “गावातले पोर जेवणाऱ्या कुत्र्याच्या पानात हात घालत नाही, झोपलेल्या कुत्र्याला उठवत नाही, व्यालेल्या कुत्रीजवळ जात नाही. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवत नाही, आजी ओरडते. शहरात मात्र पोराला कुत्र्याच्या पाठीवर बसवून फोटो काढतात.” पुतणी हे मान्य करते. सहा-सात वर्षांखालचे मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नये, मग तो कुत्रा कितीही गरीब असो, एवढीच भर ती घालते.

तरीही चावा झालाच, तर काय करावे, याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही, आणि येथे पुतणी आबांचे ऐकून घेत नाही. जखमेत तिखट भरणे, चुना लावणे, हळद-तेल चोपडणे, कापड आवळून बांधणे हे सारे उपाय घातक आहेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ पाहून धुवावी, आणि मग दवाखाना गाठावा. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. हा प्रवास बहुधा काही आठवडे ते काही महिने चालतो, आणि लस देण्याला अर्थ आहे तो याच मुदतीत. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्य, टोचावे लागते. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता बाळगू नये. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली, आणि आजची लस दंडात ठरावीक दिवशी चार-पाच वेळा घ्यावी लागते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्या निकालासाठी लस थांबवू नये.

पिसाळलेला कुत्रा धावत, लाळ गाळत येतो हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे; पण या रोगाचे एक मुके रूपही असते. त्यात कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घशात हाड अडकले असावे म्हणून घरचा माणूस मायेने त्याच्या तोंडात हात घालतो. लस न टोचलेल्या कुत्र्याच्या बाबतीत असा हात कधीही घालू नये.

ऊन, फटाके आणि जातीची निवड या गोष्टी संवादात ओझरत्याच येतात. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो व तो धापा टाकूनच अंग थंड ठेवतो; म्हणून चपट्या नाकाचा पग आणि बर्फाळ प्रदेशातला हस्की यांना विदर्भाच्या ४५ अंशांत आणून ठेवणे ही हौस नसून क्रूरता आहे, असे आबा म्हणतात आणि ते बरोबर आहे. मराठवाड्यातला कारवानी हा सडपातळ शिकारी कुत्रा या हवेतच घडला आहे, आणि गावठी कुत्राही. डांबरी रस्त्यावर उलटा तळहात पाच-सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला फिरवू नये. बंद गाडीत तर पाच मिनिटेही ठेवू नये, कारण उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढते. दिवाळीत कुत्रे आवाजाने बिथरून पळतात, तेव्हा गळपट्ट्यावर मालकाचा फोन क्रमांक कोरलेला असावा.

कायदा या वादात कुणाच्या बाजूने आहे, हेही पाहण्याजोगे आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातील ११ व्या कलमानुसार, कायम साखळीने बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न हिंडवणे हा मालकाचा गुन्हा ठरतो. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. त्याउलट आपल्या प्राण्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्र्यापासून माणसाला जपण्याची आणि माणसापासून कुत्र्याला जपण्याची किंमत कायद्याने अशी वेगवेगळी लावली आहे. आबांनी हे ऐकून एवढेच म्हटले, की दहा रुपयांत साखळीची एक कडीही येत नाही.

ज्या घरी कुत्रा आहे त्या घरी दवाखान्यातून मिळालेले लसीचे कार्ड कुठल्यातरी खणात असतेच. ते आज काढून रेबीजच्या लसीपुढे लिहिलेली पुढची तारीख वाचावी, आणि उजेड आहे तोवर कुत्र्याच्या कानाची पाळी उलटून आत पाहावे.